आरमार, चाचे आणि नौदल : सागरी युद्धाच्या मराठी परिभाषेविषयी

समुद्रावरील लढाईविषयी मराठीत लिहिताना आपण सहसा चारपाच शब्द आलटून पालटून वापरतो. लढाईला आरमारी लढाई, नौयुद्ध, जलयुद्ध किंवा सागरी युद्ध म्हणतो. लढणाऱ्यांना कधी आरमार, कधी नौदल, आणि इंग्रजी साधनांवरून लिहीत असलो तर चाचे. हे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत अशी समजूत त्यामागे असते. आमच्या मते ती तपासून पाहण्याजोगी आहे. या प्रत्येक शब्दाचा जन्म वेगळ्या ठिकाणी झाला आहे, प्रत्येकामागे समुद्राकडे पाहण्याची वेगळी दृष्टी आहे, आणि त्यांतला एक शब्द निवडताना आपण नकळत एक निवाडाही देत असतो : समुद्रावर शस्त्र उचलणारा माणूस राज्याचा शिपाई की लुटारू? भाषा आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवू नये, कारण तो मुळात शब्दांच्या अर्थाचा प्रश्न आहे.

नाशिकमध्ये बसून समुद्राच्या परिभाषेची चर्चा करणे काहींना विचित्र वाटेल. घाट उतरल्याशिवाय येथे समुद्र नाही. परंतु घाटावरच्या माणसाने समुद्राकडे कसे पाहिले याचा अतिशय जुना लेखी पुरावा नाशिकच्याच पांडवलेण्यांत कोरलेला आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवून घेतली आहे. लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला, म्हणजे इ.स. दुसऱ्या शतकातला. त्यात राजाला लावलेले 'तिसमुदतोयपीतवाहन' हे विशेषण प्रसिद्ध आहे : ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आहे असा. हे विशेषण सातवाहनांच्या सागरी सत्तेचा पुरावा म्हणून पुष्कळदा दिले जाते. पण त्यातली प्रतिमा नीट पाहावी. येथे वाहने म्हणजे घोडे आणि हत्ती. ते काठावर उभे राहून पाणी पीत आहेत. राजाचा समुद्रावरील अधिकार सांगितला आहे तो किनाऱ्यापर्यंत पोचलेल्या घोड्याच्या तोंडून. जहाजाचा त्यात उल्लेख नाही.

नावेचा उल्लेख नाशिकला नाही असे मात्र नव्हे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने आपली दानकृत्ये नोंदवली आहेत. त्यांत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट पैलतीरी नेण्याची सोय केल्याचा उल्लेख आहे. येथली नाव पुण्यकर्माची आहे, प्रवाशाची आहे. म्हणजे एकाच डोंगरात दोन राजकुळांचे लेख आहेत. एकात समुद्र आहे पण नाव नाही, आणि दुसऱ्यात नाव आहे पण ती नदीवर चालते, लढत नाही.

गंमत अशी की याच दोन राजकुळांमधले वैर समुद्रावरही चालू होते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे तेरा हजार नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला होता. ही जमिनीवरच्या विजयाची खूण झाली. समुद्रावर काय चालले होते ते कळते एका ग्रीक भाषेतल्या पुस्तिकेतून. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ.स. पहिल्या शतकातल्या त्या व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराची कोंडी झाल्याचे नोंदवले आहे. तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. एका राज्याने दुसऱ्याचे बंदर बंद पाडणे ही युद्धाचीच कृती आहे. पण तिच्यासाठी आपल्या लेखांत शब्द नाही. त्याच पुस्तिकेत कल्याणच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर चाचे असल्याचाही उल्लेख येतो. कोकणकिनाऱ्यावरच्या माणसांसाठी हा शब्द वापरला गेल्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती व्यापारी जहाजाच्या बाजूने लिहिलेली आहे. ही बाजू ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागेल.

संस्कृत राजनीतिग्रंथांतही चित्र फारसे निराळे नाही. सैन्याची कल्पनाच मुळी चतुरंग : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. मनुस्मृतीत रणभूमीनुसार साधने सांगितली आहेत. सपाट भूमीवर रथ आणि घोडे, पाणथळ जागी नावा आणि हत्ती. नाव येथे हत्तीच्या जोडीला, म्हणजे दलदलीत उपयोगी पडणारे साधन म्हणून येते. कालिदासाच्या 'रघुवंशा'त रघू ज्या वंगांचा पाडाव करतो ते 'नौसाधन' बाळगून असतात, पण त्यांचे रण गंगेच्या मुखाशी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. त्याची कामे पाहिली तर ती मुख्यतः जकात, उतारूंची ने-आण, वादळात सापडलेल्या जहाजांना मदत अशी आहेत. फक्त एका ठिकाणी तो शस्त्र उचलतो. 'हिंस्रिका' म्हणजे लुटारू नावा, शत्रूच्या मुलखाकडे जाणाऱ्या नावा आणि बंदराचे नियम मोडणाऱ्या नावा यांचा नाश करावा, असे तेथे सांगितले आहे. लुटारू, शत्रू आणि नियमभंग करणारा हे तिघे एका ओळीत बसवलेले आहेत. समुद्रावर या तिघांतला भेद ठरवणे किती अवघड असते, हे त्या रचनेतूनच दिसते.

आता मराठीकडे येऊ. 'आरमार' हा शब्द कोशकार पोर्तुगीज 'आर्मादा'शी जोडतात. मूळ अर्थ 'सशस्त्र केलेली'. पुढे 'सशस्त्र जहाजांचा ताफा'. इंग्लंडवर १५८८ साली चालून गेलेल्या स्पॅनिश ताफ्याच्या नावातला 'आर्माडा' तो हाच. आपल्याकडे इंग्रजी शिक्षणातून 'आर्माडा' दुसऱ्यांदा आला आणि आपल्याच घरात दोनतीनशे वर्षे नांदणाऱ्या भावाला त्याने ओळख दिली नाही. पोर्तुगीज स्त्रीलिंगी शब्द मराठीत नपुंसकलिंगी झाला, 'द'चा 'र' झाला, आणि तो इतका रुळला की आज त्याचे परकेपण सांगावे लागते.

तो आला कसा, हे समजण्यासाठी सोळाव्या शतकातला किनारा डोळ्यांसमोर आणावा लागतो. पोर्तुगिजांनी हिंदी महासागरात एक नवीन गोष्ट आणली. समुद्र कोणाच्या तरी मालकीचा असू शकतो आणि त्यावरून जाण्यासाठी त्या मालकाचा परवाना लागतो, ही ती गोष्ट. या परवान्याला ते 'कार्ताझ' म्हणत. तो जवळ नसलेले जहाज जप्त करण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला होता. या हक्काची अंमलबजावणी करणारे ताफे गोव्याहून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे गस्त घालत. कोकणच्या माणसाने 'आर्मादा' पाहिला तो असा : परवाना विचारणारा, आणि नसल्यास लुटणारा किंवा पकडून नेणारा. शब्द शत्रूचा होता आणि कृतीही शत्रूची होती.

कल्याण-भिवंडी १६५७ साली स्वराज्यात आल्यावर खाडीकाठ हाती आला आणि जहाजबांधणीला सुरुवात झाली. तेथेही पोर्तुगीज संबंध सुटत नाही. रुई लैतांव व्हियेगस आणि त्याच्या हाताखालचे कारागीर १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या जहाजांच्या कामावर होते, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फूस लावल्यावर ते काम टाकून गुपचूप मुंबईला निघून गेले, अशी हकिकत पोर्तुगीज कागदपत्रांवरून सांगितली जाते. कारागीर परत गेले, शब्द मात्र राहिला. नोव्हेंबर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजांतून बसरूरच्या स्वारीवर गेले. त्या स्वारीत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे असल्याची नोंद इंग्रजांनी केली आहे.

या काळातल्या मराठी नाविक शब्दांची यादी केली तर ती फारच उद्बोधक ठरते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत जहाजांचे प्रकार येतात : गुराब, तरांडी, तारवे, गलबते, शिबाड, पगार. यांतला 'गुराब' अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा. त्याचाच इंग्रजांनी 'ग्रॅब' केला, गलबताचा 'गॅलिव्हॅट' केला, आणि पुढे कंपनीने स्वतःच्या ताफ्यात याच नावांची जहाजे बाळगली. दर्या फारसी, बंदर फारसी, सुकाणू अरबी, खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. दर्यासारंगातला सारंग म्हणजे फारसी सरहंग, सेनानी; तोच इंग्रजीत 'सेरांग' झाला. समुद्रावरची भाषा अशी देवघेवीची होती. तिला किनाऱ्यावरच्या कोणत्याही एका राज्याची किंवा धर्माची शीव नव्हती. सभासद ज्या दोन सुभेदारांची नावे घेतो त्यांतला दर्यासारंग मुसलमान आहे आणि दुसरा मायनाक भंडारी. भाषेतले मिश्रण आणि ताफ्यातले मिश्रण एकाच कारणाने आलेले आहे.

परंतु याच मजकुरात घाटावरची दृष्टीही कायम आहे. गड आणि जहाजे यांची जोड घालून महाराजांनी दर्याला 'पालाण' घातले, असे सभासद म्हणतो. पालाण म्हणजे खोगीर. समुद्र हा घोडा आहे आणि त्याच्यावर खोगीर चढवले आहे. नाशिकच्या लेण्यातला घोडा समुद्राचे पाणी पिऊन परत फिरला होता. सभासदाने समुद्रालाच घोडा केले. दोन्ही प्रतिमा घोडेस्वाराच्या आहेत, पण त्यांतला फरक मोठा आहे. पाणी पिणारा काठावर थांबतो, खोगीर घालणारा वर बसतो. पुढे मराठ्यांच्या आरमारप्रमुखाचा जो किताब कान्होजी आंग्रे यांच्यामुळे सर्वतोमुखी झाला तो 'सरखेल' हा शब्दही याच जातीचा आहे. अरबी 'खैल' म्हणजे घोडे. त्यावरून घोडेस्वारांची टोळी, मग कोणतेही पथक. सरखेल म्हणजे त्या पथकाचा नायक. मराठी दर्यावरच्या सर्वांत मोठ्या पदाच्या पोटात घोडा दडलेला आहे. मराठीत 'नांगर' शेतातलाही असतो आणि जहाजावरचाही, तसेच हे. जमिनीवरच्या भाषेने समुद्र आपलासा केला तो असा, स्वतःच्या ओळखीच्या वस्तूंची नावे देऊन.

ही भाषा प्रत्यक्ष लढाईत कशी उतरते, याचे उत्तम उदाहरण खांदेरीचे आहे. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर १६७९ साली मराठ्यांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी ती थांबवण्यासाठी जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मोठी चकमक झाली. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. कीग्विन ज्यावर होता त्या 'रिव्हेंज'ने मात्र मराठी गलबतांना मागे रेटले. पण मोठ्या जहाजाचा विजय अपुराच राहिला. वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबते उथळ पाण्यातून रात्री बेटावर सामान पोचवत राहिली, वारा पडला की इंग्रजांच्या जहाजांना जागचे हलता येईना, आणि तटबंदी पुरी झाली. पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. येथे जहाजाने जहाज बुडवण्यापेक्षा बेटावरचा गड उभा राहणे महत्त्वाचे होते. सभासदाने गड आणि जहाजे ही जोडी एका दमात का उच्चारली, ते खांदेरीवरून कळते. म्हणून या लढाईला 'नौयुद्ध' म्हणणे अपुरे वाटते. नौयुद्धात फक्त नौका येतात. 'आरमारी लढाई' म्हटले की त्यात जहाज, गड, बंदर, माणसे आणि रसद हे सगळे येते.

'आरमार' शब्दाला हा विस्तार मिळाल्याची साक्ष देतो तो 'आज्ञापत्र' हा ग्रंथ. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा राजनीतिपर ग्रंथ १७१६ च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातले आरमाराचे प्रकरण इतिहासाच्या वर्गात वाचले जाते. साहित्याच्या वर्गात ते वाचले जावे, असे आम्हांला फार वाटते. त्या प्रकरणात आरमाराला स्वतंत्र 'राज्यांग' म्हटले आहे. या एका शब्दाचे वजन ध्यानात येण्यासाठी मागची परंपरा आठवावी. राज्याची अंगे सात : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. शतकानुशतके पाठ होत आलेली ही सप्तांगे. त्यांत आरमाराला फार तर दंडाच्या, म्हणजे सैन्याच्या, एका कोपऱ्यात जागा मिळाली असती. आज्ञापत्राने तसे केले नाही. पोर्तुगिजांकडून आलेला एक परका शब्द उचलून त्याने तो संस्कृत राजनीतीच्या सर्वांत जुन्या चौकटीशेजारी मांडला आणि त्याला अंगाचा दर्जा दिला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' शिवकालातच तयार झाला होता. पंडिताला नवा शब्द घडवणे अवघड नव्हते. तरीही अमात्यांनी 'आरमार' हाच शब्द ठेवला. जी गोष्ट परंपरेत नव्हती तिचे नावही परंपरेतले नसावे, हे त्यांना स्वाभाविक वाटले असावे.

याहून महत्त्वाचा आहे तो त्या प्रकरणातला तपशील. गुराबा फार मोठ्या किंवा फार लहान नसाव्यात. केवळ वाऱ्याच्या आधारावर राहावे लागू नये. आरमार नेहमी गडाच्या आसऱ्याने ठेवावे. शत्रूचे जहाज कौल मागत आले तरी एकदम त्याला भिडू नये. व्यापाऱ्यांना उपद्रव देऊ नये. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, कारण ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. ही शेवटची सूचना आपल्याकडे पर्यावरणाच्या संदर्भात वरचेवर सांगितली जाते. आमचे लक्ष वेधते ती तिच्यामानाने कमी सांगितली जाणारी दुसरी सूचना. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा. समुद्रावरच्या कमाईवर तो सोपवू नये. तसे केल्यास आरमार पोट भरण्यासाठी सावकारांना नाडू लागेल आणि सावकारी बुडेल.

आरमार आणि चाचे यांच्यातली सीमारेषा यापेक्षा स्पष्टपणे कोणी आखली असेल असे वाटत नाही. लुटीवर जगतो तो चाचा. राज्याच्या तिजोरीतून ज्याला वेतन मिळते, आणि म्हणून ज्याला व्यापारी सोडून देणे परवडते, ते आरमार. जहाजे तीच, तोफा त्याच, कदाचित माणसेही तीच. फरक आहे तो पगाराच्या व्यवस्थेत. अमात्यांनी व्याख्या म्हणून हे लिहिलेले नाही, कारभाराची सूचना म्हणून लिहिले आहे. पण राज्यांग या शब्दाचा अर्थ त्या सूचनेतूनच पूर्ण होतो.

आता 'चाचे' या शब्दाकडे वळू. त्याची व्युत्पत्ती गुजराती 'चांचिया'शी आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरील चांच या ठिकाणाशी जोडली जाते. म्हणजे तोही मूळचा किनाऱ्यावरचाच, एका विशिष्ट जागच्या दर्यावर्दी लोकांना उद्देशून. पण आज मराठी वाचकासमोर तो येतो तो बहुधा इंग्रजी 'पायरेट'चे भाषांतर म्हणून, आणि बहुधा कान्होजी आंग्र्यांच्या संदर्भात. क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्यांना हे विशेषण लावलेले आहे. इंग्रजांनी 'अँग्रिया' हे जणू सामान्यनाम करून टाकले. बाप कोणता, मुलगा कोणता, याचा फरक करण्याची त्यांना गरज वाटेनाशी झाली.

वस्तुस्थिती काय होती? बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने १७१३ साली शाहू महाराज आणि कान्होजी यांच्यात करार झाला. सरखेली, १० जंजिरे आणि १६ किल्ले कान्होजींकडे राहिले. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. ज्याला आपण चाचा म्हणतो त्याच्याशी तह कसा करायचा, हा प्रश्न त्यांना त्या वेळी पडला नाही. तह मोडल्यावर पुन्हा तेच विशेषण वापरात आले. तंटा होता तो परवान्याचा. कान्होजींचे म्हणणे असे की या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी सरखेलांचे दस्तक घ्यावे. इंग्रजांचे म्हणणे असे की आमच्या परवान्याने चालणाऱ्या जहाजाला दुसऱ्या दस्तकाची गरज नाही. पोर्तुगीज कार्ताझाचा वारसा सांगणारे दोघे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या हक्काला दरोडा म्हणत होता. इंग्रजी कायद्यात त्या काळी तीन दर्जे होते. राजाचे लढाऊ जहाज, राजाच्या सनदेने शत्रूची जहाजे धरणारे खाजगी जहाज, आणि चाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जातला फरक निव्वळ एका कागदाचा. युरोपातल्या प्रमुख सत्तांनी ही सनदेची पद्धत १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने रद्द केली. तोवर ती प्रतिष्ठित होती. याच मापाने मोजले तरी शाहू महाराजांची सनद बाळगणारा कान्होजी चाचा ठरत नाही. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन १७२१ साली कुलाब्यावर केलेली मोहीम फसली. ती एका राज्याच्या आरमाराशी झालेली लढाई होती.

येथे उलट बाजूने होणारी घाईही टाळली पाहिजे. आंग्र्यांच्या आरमाराने अडवलेली सगळीच जहाजे परकीयांची नव्हती. पकडलेल्या मालावर आरमार पोसले जात होते हेही नाकारता येणार नाही. म्हणजे आज्ञापत्राने दिलेला इशारा प्रत्यक्षात पाळला गेला असे म्हणता येत नाही. याची किंमत पुढच्या पिढीत चुकती झाली. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्या मुलांत वाटण्या आणि भांडणे झाली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासे झाले, आणि नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तेथील आरमार जळून गेले. ज्याला अमात्यांनी राज्याचे अंग म्हटले होते ते राज्याच्याच संमतीने परक्यांच्या हातून तोडले गेले. पुण्याहून पाहिले असता विजयदुर्गचे आरमार हे आपले अंग न दिसता एका बेबंद सरदाराची मालमत्ता दिसू लागले होते, असाच याचा अर्थ होतो. शब्द तोच राहिला, त्याच्या पोटातला 'राज्यांग' हा अर्थ मात्र हरपला.

स्वातंत्र्यानंतर भाषेने नवा शब्द स्वीकारला. मराठीत 'नौदल' आणि हिंदीत 'नौसेना'. भूदल, नौदल, वायुदल अशी सुबक मालिका झाली आणि 'आरमार' इतिहासात गेले. नव्या शब्दात काही उणे नाही. आधुनिक, पगारी, शिस्तबद्ध सेनेला तो शोभतो. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ साली कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले. सिंधुदुर्गावरच्या कार्यक्रमांत आणि २०२२ साली स्वीकारलेल्या नौदलाच्या ध्वजावरील अष्टकोनी मुद्रेच्या प्रेरणेत शिवकालाशी नाते सांगितले गेले. हे सर्व योग्यच आहे. मात्र त्या भरात शिवकालीन आरमाराला 'नौदल' म्हणण्याची जी पद्धत पडू लागली आहे ती आम्हांला चिंताजनक वाटते. डाउनिंगने आंग्र्यांच्या आरमाराला खाली ओढून चाचेगिरी केले. आपण त्याला वर उचलून आजचे नौदल करतो. दोन्हीकडे मधला शब्द, जो त्या माणसांनी स्वतः वापरला, तो गळून पडतो. त्याबरोबर गुराब-गलबतांची, कोळी-भंडारी-गाबीत खलाशांची, दस्तकाच्या तंट्याची आणि वेतनाच्या प्रश्नाची सगळी गुंतागुंतही गळून पडते.

मराठी ललित साहित्याने ही गुंतागुंत फारशी हाताळलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. नाशिकशी नाते असलेल्या दोघा कवींनी मराठीला समुद्राच्या दोन अतिशय प्रसिद्ध कविता दिल्या. भगूरला जन्मलेल्या सावरकरांची ब्रायटनच्या किनाऱ्यावरची कविता १९०९ सालची. कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' 'विशाखा' या १९४२ च्या संग्रहातले. एकीत समुद्र मायभूमीपासून दूर ठेवणारा आहे, दुसरीत माणसाच्या जिद्दीला आव्हान देणारा. दोन्हींत माणूस समुद्राशी बोलतो. समुद्रावर माणूस माणसाशी लढतो तेव्हाची भाषा मात्र आपल्याला बखरीत, पत्रांत आणि आज्ञापत्रात शोधावी लागते. ती गद्यात आहे आणि कारभाराच्या गद्यात आहे. म्हणूनच ते गद्य साहित्याच्या अभ्यासात येणे आम्हांला आवश्यक वाटते.

व्यवहारात यातून काय निघते? आमच्या मते तीन साधी पथ्ये. पहिले असे की इंग्रजी कागदपत्रांचे भाषांतर करताना 'पायरेट' आला तर त्याचे 'चाचा' करण्यास हरकत नाही, पण तो शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी ठेवावा. निवेदकाच्या तोंडी घालू नये. दुसरे, सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी ताफ्यांसाठी 'आरमार' हाच शब्द वापरावा, आणि विद्यार्थ्यांना त्याचे पोर्तुगीज मूळ संकोच न करता सांगावे. शत्रूकडून घेतलेल्या शब्दाला आपल्या राज्यकर्त्यांनी शत्रूपेक्षा अधिक जबाबदारीचा अर्थ दिला, यात कमीपणा काही नाही. तिसरे, एखाद्या ताफ्याला आरमार म्हणावे की चाचे, असा प्रश्न पडला तर अमात्यांची कसोटी लावावी : त्याच्या खलाशांना वेतन कोण देते आणि त्याच्या वाटेत आलेल्या व्यापाऱ्याचे काय होते. ही कसोटी आंग्र्यांना लावावी, पोर्तुगिजांना लावावी आणि मुंबईकर इंग्रजांनाही लावावी. उत्तरे दरवेळी आपल्या सोयीची येणार नाहीत. पण ती ज्या शब्दांत येतील ते शब्द निदान आपण पारखून घेतलेले असतील.